सगळं अधांतरी असताना मन कुठे टेकवायचं?

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी टिकेल की नाही याचा पत्ता नाही. घरातल्या एका जवळच्या माणसाच्या तपासण्या चालू आहेत, निदान अजून पक्कं झालेलं नाही. झोपेचं तंत्र बिघडलंय. ध्यान करून पाहिलं तर पाच मिनिटांत बेचैनी वाढली. भेटेल तो 'सकारात्मक राहा' म्हणतो. अशा वेळी आतून स्थिर कसं व्हायचं, आणि पुन्हा नव्याने उभं राहायची उमेद कुठून आणायची?

यात दोन मागण्या एकमेकींत मिसळल्या आहेत. मन स्थिर व्हावं ही एक, नवी उमेद यावी ही दुसरी. समुपदेशनाच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की या दोन्ही एका दमात मागितल्या तर एकही हाती लागत नाही. ज्याचे पाय अजून टेकलेले नाहीत त्याला 'या संकटातून तू काय शिकलास?' असं विचारणं मला तर क्रूर वाटतं. म्हणून आधी स्थैर्याचं बोलू, उमेदीकडे नंतर येऊ.

'काय होणार ते एकदाचं कळलं की मी शांत होईन,' असं जवळपास प्रत्येकजण म्हणतो. त्यात तथ्य आहेच. 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना संगणकावर एकेक दगड उलटायचा होता आणि त्याखाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसायचा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण पाहिला गेला. सर्वाधिक ताण केव्हा होता? झटका बसणार हे नक्की माहीत असताना नव्हे, तर बसण्याची शक्यता बरोबर निम्मी असताना. वाईट बातमी पचवणं जमतं, पण 'कदाचित' पचवणं शरीराला जड जातं. तेव्हा तुमची अवस्था हा तुमच्या स्वभावातला दुबळेपणा आहे असं समजू नका. त्याच प्रयोगात असंही दिसलं की ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नीट वरखाली होत होता त्यांचे अंदाज अधिक बरोबर येत होते. म्हणजे हा ताण आपल्याला सावध ठेवण्याचं कामही करतो.

घोळ पुढे होतो. ते 'कदाचित' सहन होत नाही म्हणून माणूस खात्री गोळा करायला लागतो. कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला रोज 'काही कळलं का?' विचारतो. तपासणीच्या अहवालातला एकेक आकडा रात्री इंटरनेटवर शोधतो. घरच्यांना 'सगळं ठीक होईल ना?' असं दिवसातून अनेकदा विचारतो. डोक्यात सगळ्या शक्यतांची उजळणी करतो, 'असं झालं तर हे, तसं झालं तर ते'. प्रत्येक वेळी थोडं बरं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. खाज सुटल्यावर खाजवावं तसं आहे हे: क्षणभर सुटका, मग दुप्पट खाज. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल द्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकापासून यावरच काम केलं. सतत काळजी करणाऱ्यांच्या मुळाशी बऱ्याचदा संकटाच्या भीतीपेक्षा अनिश्चिततेविषयीची असहनशीलता असते, असं त्यांनी मांडलं. त्यामुळे त्यांच्या उपचारात 'काही वाईट होणार नाही' असं पटवून दिलं जात नाही. न कळलेलं न कळलेलंच ठेवून दिवस चालवायचा सराव करून घेतला जातो.

तो सराव घरी सुरू करता येतो. पुढचे काही दिवस खात्री मागण्याच्या तुमच्या सवयी फक्त टिपून ठेवा. मग त्यातली सगळ्यात किरकोळ सवय निवडा आणि ती पुढे ढकला. सकाळी उठल्याउठल्या ईमेल पाहत असाल तर आंघोळ झाल्यावर पाहा. जोडीदाराला तोच प्रश्न विचारावासा वाटला तर अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासात अस्वस्थता चढते, टिकते आणि बरेचदा आपोआप उतरते. ती उतरताना स्वतः अनुभवणं हेच यातलं औषध आहे, नुसतं वाचून ते लागू पडत नाही. घरच्यांनाही सांगून ठेवा. 'मी विचारलं तर लगेच धीर देऊ नकोस, आपल्याला ते अजून माहीत नाही एवढंच म्हण.' ऐकायला हे कोरडं वाटतं, पण ज्या घरांत हे ठरवलं जातं तिथे विचारणारा आणि उत्तर देऊन थकलेला दोघेही सुटतात.

काही जण याच्या उलट वागतात. तपासणीच्या अहवालाचं पाकीट उघडत नाहीत, फोन उचलत नाहीत, डॉक्टरांची वेळ पुढे ढकलत राहतात. वरून हे लोक शांत दिसतात. पण टाळणं आणि सारखं तपासणं ही एकाच झाडाची फळं. टाळणाऱ्याने उलटं करायचं: पाकीट आज, ठरलेल्या वेळी, कोणाला तरी शेजारी बसवून उघडायचं.

इथेच बातम्यांचाही हिशेब करून टाकू. 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्या बातम्या पाहत, ऐकत, वाचत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. आधीपासून घाबरलेली माणसं बातम्या जास्त पाहतात हेही खरं असू शकतं, पण त्याने सल्ला बदलत नाही. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो वाचून बातम्या घ्या. झोपण्याआधी तर नकोच.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, दिवसाचा आकार. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची एक वसाहत होती. तिथला कापडाचा कारखाना 1930च्या सुमारास बंद पडला आणि जवळपास अख्खी वसाहत बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथे जाऊन लोकांचं रोजचं जगणं बारकाईने टिपलं, 1933 मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसांकडे वेळ मुबलक आला होता. मग वाचन वाढायला हवं होतं, सार्वजनिक कामं वाढायला हवी होती. झालं उलटंच. वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. संघटनांमधला उत्साह ओसरला. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडून दिलं. रस्त्यावरून जाताना ते हळू चालायचे, मधेच उगाच थांबायचे. दिवसभरात काय केलं ते तासातासाने लिहा म्हटलं तर उठणं, जेवणं, झोपणं एवढंच लिहिता यायचं, मधलं काही आठवायचंच नाही. बायका मात्र घरकामामुळे घाईत असायच्या, त्यांच्या दिवसाला सांगाडा उरला होता. अर्थात त्यांच्या वाट्याला सुख आलं असा याचा अर्थ नाही. गरिबी सगळ्यांनाच पिळत होती आणि पैशाच्या टंचाईला दिनक्रम हा उपाय असू शकत नाही.

याहोडा पुढे म्हणत राहिल्या की नोकरी पगाराखेरीज बरंच काही नकळत देते: वेळेला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संपर्क, सामायिक उद्दिष्ट, समाजातलं स्थान, आणि हातपाय हलवण्याची सक्ती. अनिश्चित काळात नोकरी हातात असूनही हे सगळं सुटायला लागतं, कारण मन 'पुढचं कळेपर्यंत' थांबून राहतं. निकाल लागू दे मग व्यायाम सुरू करू, अहवाल येऊ दे मग मित्रांना भेटू. दिवस असे प्रतीक्षालयात बसून जातात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारते, 'उद्या सकाळी तुम्हाला किती वाजता उठायचंय?' उत्तर बहुतेक वेळा 'तसं काही नाही' असं येतं. मी कामाला सुरुवात तिथून करते.

तीन खुंट्या ठोका. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्री झोप कितीही वाईट लागली तरी. आणि उठल्यावर लवकरच बाहेरच्या उजेडात जा. सकाळचा उजेड मेंदूतल्या घड्याळाला वेळ लावून देतो आणि त्या रात्रीची झोपही त्यावर अवलंबून असते. दुसरी खुंटी म्हणजे दिवसात कोणा माणसाला दिलेली एक वेळ, फोनवर असली तरी चालेल. त्या संभाषणात तुमच्या संकटाखेरीज दुसरंही काही बोललं जावं एवढंच पाहा. तिसरी, ज्याचा शेवट डोळ्यांना दिसतो असं एक काम. कपाटाचा एक कप्पा आवरणं, झाडांना पाणी घालणं, सायकलची साखळी साफ करणं. भविष्याबद्दलच्या चिंतनाला शेवट नसतो, म्हणून मनाला शेवट असलेलं काहीतरी हातात द्यावं लागतं.

हे एकवीस दिवसांत अंगवळणी पडेल अशी आशा धरू नका. तो आकडा कुठून तरी सुटलाय आणि सगळीकडे फिरतोय. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने 2010 मध्ये लोकांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा नवी कृती आपोआप घडू लागायला मध्यक काढता 66 दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक 18 पासून 254 पर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यांना आढळलं. म्हणजे खंड पडला म्हणून सगळं सोडून देण्याचं कारण नाही.

काळजीला वेळ नेमून द्या, हे ऐकून लोक हसतात. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी 1983 मध्ये मांडलेली ही रीत आजही आम्ही वापरतो, कारण ती चालते. दिवसातला अर्धा तास काळजीचा. जागा तीच, वेळ तीच, झोपण्याच्या फार जवळ नाही. एरवी काळजी डोकावली की दोन शब्दांत कागदावर लिहायची आणि 'संध्याकाळी बघू' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. संध्याकाळी ती यादी घेऊन खरोखर बसायचं. बऱ्याच नोंदी तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांपैकी ज्यांवर काही करता येतं त्यांच्यापुढे पुढची एक कृती लिहायची, केव्हा आणि कुठे करणार यासकट. 2011 मधल्या मासिकाम्पो आणि बाऊमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं की अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं, पण ते पुरं करण्याची नेमकी योजना केली तरी टोचणी थांबते. काम प्रत्यक्ष पुरं व्हायची वाट पाहावी लागत नाही. 'नोकरी गेली तर?' या नोंदीपुढे 'शनिवारी सकाळी बसून शिल्लक आणि महिन्याचा खर्च लिहायचा' असं आलं की त्या नोंदीचा आवाज खाली येतो. ज्यांवर काहीच करता येत नाही त्या नोंदी तशाच ठेवायच्या आणि अर्धा तास संपला की उठायचं. उठणं महत्त्वाचं.

रात्री दोनला जाग आली आणि डोकं धावू लागलं तर अंथरुणात लोळत पडू नका. वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली की उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. घड्याळ मात्र पाहू नका.

ध्यानाबद्दल तुम्ही अपराधीपणाने लिहिलंत, त्याची गरज नाही. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेचा (माइंडफुलनेसचा) जो अभ्यासक्रम सुरू केला तो आठ आठवड्यांचा आहे आणि तो शिक्षकासोबत करायचा असतो. रात्री एकट्याने ॲप लावून, आधीच धडधडणाऱ्या छातीने डोळे मिटून बसायचं, यात बेचैनी वाढली तर नवल नाही. हादरलेल्या माणसाला मी ध्यान पहिल्या भेटीत देत नाही. त्याऐवजी डोळे उघडे ठेवून चाला आणि तळवे जमिनीला कसे टेकतात तिकडे लक्ष द्या. बसायचंच असेल तर श्वास नाकाने आत, आणि सोडताना तो घेण्यापेक्षा लांब. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील असा संथ. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी खाली येते. पाच मिनिटं पुरेत. यातून आयुष्याची उत्तरं मिळणार नाहीत, पण पुढचा फोन करण्याइतपत हात स्थिर होतात.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला काळजीपेक्षा वेगळी वाटते. आजारी माणसाबद्दल लिहिताना तुम्ही म्हणता, 'रडावंसं वाटतं, पण अजून काही झालंच नाहीये तर रडायचं कशाला?' अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. अशा धूसर हानीत शोक अडकून पडतो, कारण शोक करायला परवानगी देणारी घटनाच घडलेली नसते. बॉस यांचा भर दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्यावर आहे. 'तो बरा होईल' आणि 'आमचं पूर्वीचं निवांत आयुष्य गेलंय' ही दोन्ही वाक्यं एकत्र नांदू शकतात. गेलेल्या निवांतपणाचं रडू आलं तर रडा. त्याने आशा सोडल्यासारखं होत नाही आणि कोणाचं वाईटही चिंतलं जात नाही.

आता उमेद. ती येईल मग मी कामाला लागेन, असं तुम्ही धरून बसलात तर बराच काळ बसून राहाल. नैराश्यावरच्या उपचारांत हे नीट तपासलं गेलंय. 1996 मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी एका गटाला विचार बदलण्याचे सगळे धडे असलेला पूर्ण उपचार दिला आणि दुसऱ्या गटाला फक्त कृती वाढवण्याचा भाग. दुसरा गट मागे पडला नाही. मनःस्थितीची वाट न पाहता, ठरलेल्या वेळी, छोटी कृती करायची. मनःस्थिती मागून येते. दर वेळी येते असं मात्र नाही. दहा वेळा चालायला गेलात तर कदाचित तीनदा बरं वाटेल. ते तीनदा कोणते हे आधी ओळखता येत नाही म्हणून दहाही वेळा जायचं.

कुठल्या कृती निवडायच्या? 'मला काय आवडतं?' हा प्रश्न अशा काळात निरुपयोगी ठरतो, कारण काहीच आवडत नसतं. मी विचारते, 'नोकरी गेली, निदान वाईट आलं, तरी तुम्हाला माणूस म्हणून कसं वागायचंय?' एकाने सांगितलं, 'मुलीशी ओरडून बोलायचं नाही.' दुसरी म्हणाली, 'माझं गाणं पुन्हा सुरू करायचंय, कोणी ऐको न ऐको.' असं उत्तर बाहेरच्या निकालावर टांगलेलं नसतं. ते आज संध्याकाळी, दहा मिनिटांपुरतं, अमलात आणता येतं. माझ्या अनुभवात नवेपणा असाच, आडवाटेने येतो. सहा महिन्यांनी माणूस मागे वळून पाहतो तेव्हा त्याला कळतं की आपण बदललोय. बदलताना त्याला फक्त रियाजाचा कंटाळा आठवत असतो.

आणि बदललोच नाही तर? तरीही चालेल. संकटानंतर माणसं वाढतात यावर टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात बरंच लिहिलं, पण वाढ आणि वेदना एकत्रच राहतात हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. पुढे लोकांनी त्यातून 'संकट ही संधी' अशी पाटी बनवली आणि दमलेल्या माणसावर आणखी एक काम लादलं. या वर्षात तुम्ही फक्त तग धरलात, माणसांशी बरं वागलात आणि बिलं वेळेवर भरलीत, तर मी त्याला यश म्हणेन.

काही लक्षणं दिसली तर मात्र हे घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसभर मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं. भूक आणि झोप कोलमडणं. कामावर उभंच राहता न येणं. झोपेसाठी दारू किंवा गोळ्यांचा आधार वाढणं. दारूने झोप लागते खरी, पण उत्तररात्रीची झोप ती मोडते. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या, आठवड्याची वाट पाहू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की याच काळात राजीनामा देऊन काही वेगळं सुरू करावं का. बेचैनीत घेतलेल्या मोठ्या निर्णयांबद्दल मी साशंक असते, कारण त्यातले बरेच निर्णय 'कदाचित' संपवण्यासाठी घेतलेले असतात. वाईट का होईना, पण काहीतरी नक्की व्हावं म्हणून. स्वतःला विचारा, उद्या नोकरी पक्की आहे असं कळलं तरी मी हा राजीनामा देईन का? उत्तर हो असेल तर विचार करण्यासारखा आहे. मग परत फिरवता येतील अशी पावलं आधी उचला: सुट्टीच्या दिवशी ते काम करून पाहा, त्या क्षेत्रातल्या दोघांशी बोला, किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे ते मोजा. परत न फिरवता येणारं पाऊल घरातलं निदान पक्कं होईपर्यंत थांबवा. त्या निर्णयाचा पुन्हा विचार करण्यासाठी एक तारीख आत्ताच वहीत लिहा, आणि त्या तारखेपर्यंत तो विषय काळजीच्या अर्ध्या तासातही काढू नका.